लवासा: नगरनियोजनाचा अधिकार कंपनीला दिला तेव्हा

१२ जून २००८ रोजी राज्याच्या नगरविकास खात्याने एक अधिसूचना काढली आणि पुणे जिल्ह्यातल्या मोसे खोऱ्याच्या एका मोठ्या पट्ट्यासाठी ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ नेमलं. असे अधिकार एखाद्या संस्थेला मिळणं महाराष्ट्राला नवीन नव्हतं. एमआयडीसी, एमएमआरडीए यांना ते आधीपासून आहेत. पण त्या सरकारी संस्था आहेत, त्यांच्या कारभारावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. या वेळी नेमणूक झाली ती लवासा कॉर्पोरेशन लिमिटेडची. जी कंपनी डोंगरउतारावर जमिनी घेऊन शहर बांधत होती आणि त्यातली घरं विकत होती, तिलाच तिथला आराखडा करायचा, बांधकामांना परवानगी द्यायची आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई करायची, हे अधिकार मिळाले.

लवासाची चर्चा निघाली की ती पर्यावरणाच्या परवानग्या, जमिनींचे व्यवहार आणि सत्तेतल्या एका घराण्याचं नाव इथपर्यंत जाऊन थांबते. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला या प्रकरणात सगळ्यात गंभीर वाटते ती ही अधिसूचना. भूखंड स्वस्तात देणं, करात सवलत देणं, पाणी देणं हे सरकारने उद्योगाला दिलेलं झुकतं माप असतं. नियोजनाचा अधिकार देणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे राज्याने आपल्या सार्वभौम सत्तेचा तुकडा एका खाजगी कंपनीच्या संचालक मंडळाकडे दिला, आणि ज्यांच्यावर ती सत्ता चालणार होती त्यांना कुणी विचारलं नाही.

खोरं, धरण आणि तळं

मोसे खोरं म्हणजे शिवाजी महाराजांचे सहकारी बाजी पासलकर यांचा मुलूख. मोसे नदीवर वरसगाव धरण बांधलं गेलं आणि त्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव देण्यात आलं. खडकवासला, पानशेत आणि टेमघर यांच्यासोबत हे धरण पुणे शहराची तहान भागवतं. या चौघांतला सर्वांत मोठा उपयुक्त साठा वरसगावचाच, १२.८२ टीएमसी. त्यासाठी खोऱ्यातल्या जमिनी एकदा गेल्या. जी गावं वर सरकली, ती डोंगराच्या कडेला भात, नाचणी, वरई काढत राहिली. त्यांत कातकरी, महादेव कोळी आणि धनगर कुटुंबं बरीच होती.

शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. कंपनी, सरकार आणि खोऱ्यातला शेतकरी हा त्रिकोण या भागाला म्हणजे आजी-आजोबांपासून माहीत आहे. मुळशीत मात्र सरकारने जमीन संपादून कंपनीला दिली, तेव्हा निदान दोघं वेगवेगळे उभे होते. लवासात ते एकमेकांत मिसळले.

१९९६ मध्ये युतीच्या सरकारने थंड हवेची नवी ठिकाणं खाजगी विकासकांकडून उभारून घेण्यासाठी विशेष नियमावली केली. १ जून २००१ रोजी काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारने मोसे खोऱ्यातली १८ गावं गिरिस्थान म्हणून जाहीर केली. पुढे २००५ मध्ये कुळकायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतजमीन खरेदीवरचे निर्बंध अशा प्रकल्पांसाठी सैल झाले. ती दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू केली गेली, म्हणजे आधी झालेल्या खरेद्यांनाही तिचा आधार मिळाला. कृष्णा खोरे विकास महामंडळाने २००२ मध्ये सुमारे १४१ हेक्टर जमीन कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. धरणासाठी म्हणून सार्वजनिक हितात घेतलेली ही जमीन लवासातल्या दासवे या तळ्याकाठच्या नगरासाठी गेली. वरच्या अंगाला बंधारे बांधून पाणी अडवायलाही परवानगी मिळाली. खाली पाणी पिणाऱ्या पुण्याच्या लाखो नळधारकांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं.

प्रकल्पाचा आवाका मोठा होता. जवळपास १०० चौरस किलोमीटर क्षेत्र, टप्प्याटप्प्याने पाच नगरं, तीन लाखांची कायम वस्ती. दासवे हे पहिलं नगर. इटलीतल्या पोर्तोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर पिवळ्या, शेंदरी, विटकरी इमारतींची रांग तळ्याकाठी उभी राहिली. आराखड्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. कंपनीच्या मागे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणजे एचसीसी होती, मुंबईचा वांद्रे–वरळी सागरी सेतू बांधणारी. म्हणजे कुणी हौशी बिल्डर नव्हता. बांधकामाचं ज्ञान, पैसा उभा करण्याची ताकद आणि दिल्ली–मुंबईत पोच असलेले लोक होते.

ज्या विचारावर हे उभं राहिलं

या प्रकल्पामागे एक राजकीय विचार होता आणि तो प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. १९९१ नंतरच्या दीड-दोन दशकांत शहरी मध्यमवर्गाच्या मनात तो घट्ट बसला होता. नगरसेवक टक्केवारी खातात, महापालिका खड्डे बुजवत नाही, मतांच्या राजकारणापायी झोपड्या आणि अतिक्रमणं वाढतात. तेव्हा शहर चालवायचं काम व्यावसायिक माणसांकडे द्या, ते कंपनीसारखं चालवा, म्हणजे नीट चालेल. कोट्यवधी माणसं शहरांत येणार आहेत, सरकारच्या गतीने नवी शहरं होणार नाहीत, ही मांडणी उद्योगजगत सातत्याने करत होतं.

यातल्या तक्रारी खोट्या नाहीत. पावसाळ्यात सिंहगड रस्त्याने रोज प्रवास करणाऱ्याला महापालिकेच्या कारभाराचं कौतुक सांगायला जाऊ नये. आणि लोकनियुक्त सत्तेची कदर राज्य सरकारांनाही फारशी नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ पन्नास लाखांच्या आसपासचं शहर प्रशासकाच्या सहीने चाललं. तरी तक्रारीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. नगरसेवक काम करत नाही, म्हणून त्याला निवडून देण्याचा अधिकारच नको, असं म्हणणारा माणूस आपल्या हातातलं एकमेव हत्यार खाली ठेवत असतो.

लवासाने आपल्या नगराचा कारभार बघायला अमेरिकेतून एक सिटी मॅनेजर आणला. परदेशी वृत्तपत्रांनी त्याचं मोठं कौतुक केलं. अमेरिकेतल्या शेकडो छोट्या शहरांत ही पद्धत खरोखर आहे आणि ती चांगली चालते. पण तिथे आधी नागरिक कौन्सिल निवडतात, मग ती कौन्सिल व्यवस्थापक नेमते, त्याच्याकडून हिशेब घेते आणि काम आवडलं नाही तर त्याला घरी पाठवते. लवासात व्यवस्थापक आला, त्याला नेमणारी कौन्सिल आली नाही. त्याचा पगार कंपनी देत होती आणि त्याला काढू शकत होती तीही कंपनीच. त्या पद्धतीचा जो भाग नागरिकांच्या बाजूचा होता, तेवढाच आणायचा राहिला.

ग्रामपंचायतीचं काय झालं

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. खोऱ्यातल्या गावांना ग्रामपंचायती होत्या, सरपंच होते, निवडणुका होत होत्या. कुणीही ग्रामपंचायत बरखास्त केली नाही. तशी गरजच पडली नाही.

मुगावसारख्या गावातला एखादा शेतकरी घ्या. त्याला घराला एक खोली वाढवायची आहे, लेकाचं लग्न ठरलंय. एरवी तो ग्रामसेवकाकडे जातो, सरपंचाला भेटतो. गावठाणातल्या बांधकामावर नियंत्रण ठेवण्याचं कलम ग्रामपंचायत कायद्यात आहे, कलम ५२. काम अडलं तर मासिक सभेत आवाज चढवतो, ग्रामसभेत उठून बोलतो, पाच वर्षांनी मत देताना हिशेब चुकता करतो. गावपातळीवरची ही लोकशाही ओबडधोबड आहे, भाऊबंदकीने आणि पार्टीबाजीने पोखरलेली आहे, तरी सरपंचाला रोज त्याच पारावरून जावं लागतं. आता त्या क्षेत्राचा नियोजन अधिकार कंपनीकडे गेला की त्याच्या जमिनीवर काय होऊ शकतं आणि काय नाही, रस्ता कुठून जाणार, कुठली जागा राखीव, हे ठरवणारी संस्था तीच झाली जिला त्याची जमीन विकत हवी आहे. त्याने नाही म्हटलं, तर समोरचा खरेदीदारही आहे आणि परवानगी देणारा अधिकारीही. अशा सौद्यात ‘स्वेच्छेने विकली’ या शब्दांना किती वजन द्यायचं?

जमिनींच्या व्यवहारांबद्दल खोऱ्यातून आलेल्या तक्रारी नेमक्या याच विषमतेच्या होत्या. कुलमुखत्यारपत्रांवर दलालांनी परस्पर खरेदीखतं केल्याच्या, सातबारावर नाव असूनही जमीन कुंपणापलीकडे गेल्याच्या, कमाल जमीनधारणा कायद्याखाली भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी हस्तांतरित झाल्याच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या कातकरी बाईला फेरफार म्हणजे काय हे कळेपर्यंत हरकत घ्यायची मुदत निघून गेलेली असते. जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय, मेधा पाटकर, सुनीती सु. र. आणि त्यांचे सहकारी हे मुद्दे घेऊन वर्षानुवर्षं लढले. कंपनीने आरोप फेटाळले, आम्ही शाळा, दवाखाना, रोजगार दिला असं सांगितलं. रोजगार मिळाला हे खरं आहे. काही गावकऱ्यांना कंपनीचं राज्य जुन्या उपेक्षेपेक्षा बरंही वाटलं, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायचा मला हक्क नाही. पण दवाखाना कंपनीच्या मर्जीवर उघडा राहतो तेव्हा तो बंद झाल्यावर कुणाच्या दारात जायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. इथे ते ठरलेलं नव्हतं.

अधिकार गेला, मग पैसाही गेला

२५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. केंद्राची मंजुरी न घेता बांधकाम केल्याचा ठपका होता, तर कंपनी म्हणत होती की राज्याची २००४ ची मंजुरी पुरेशी आहे. न्यायालयीन लढाईनंतर नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली. त्या वर्षभरात व्याज वाढत राहिलं, विक्री मंदावली आणि भागविक्रीतून दोन हजार कोटी उभे करायचा बेत बारगळला. २०१४ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही तडीस गेला नाही.

विधिमंडळाच्या लोकलेखा समितीच्या शिफारशीनंतर २०१७ मध्ये फडणवीस सरकारने कंपनीचा विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला आणि अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिले. नियमावली युतीच्या काळात आली, गिरिस्थान आणि प्राधिकरणाचा दर्जा आघाडीच्या काळात मिळाला, तो काढला पुन्हा युतीने. एका पक्षाच्या माथी सगळं मारून मोकळं होणाऱ्यांनी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवावा. कंपनीकडे सत्ता देण्याच्या कल्पनेला विधानसभेतल्या कुठल्याच बाकावरून तत्त्व म्हणून विरोध झालेला दिसत नाही. विरोध झाला तो व्यवहाराला, व्यक्तींना.

ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. इथून पुढचा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो, कारण एक वसलेलं नगर दिवाळखोरीच्या कायद्याखाली आलं की काय होतं, ते इथे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं.

दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीचं पुढे काय करायचं हे धनकोंची, म्हणजे तिला कर्ज दिलेल्यांची, समिती ठरवते. या समितीत मतदान असतं. पण ते डोईमागे एक मत असं नसतं. ज्याचं जितकं कर्ज थकलेलं, तितका त्याच्या मताचा वाटा. बँकांचा वाटा सर्वांत मोठा. २०१८ च्याच दुरुस्तीने घर घेणाऱ्यांनाही आर्थिक धनको मानलं गेलं, म्हणून दासव्यात ज्यांनी पैसे भरले होते त्यांना एका प्रतिनिधीमार्फत त्या बैठकीत बसता आलं. ६६ टक्के मतं मिळाली की योजना मंजूर. ज्या कंत्राटदाराचं बिल थकलंय त्याला मत नाही. ज्या गावकऱ्याची जमीन गेली, पण ज्याला कंपनी कागदोपत्री काही देणं लागत नाही, त्याला तर दारही नाही. खोऱ्यातल्या रस्त्यांचं, सांडपाण्याचं, बंधाऱ्यांचं भवितव्य ज्या खोलीत ठरत होतं, तिथे ग्रामपंचायतीला खुर्ची मिळेल अशी कायद्यात सोयच नाही.

कायद्याचा दोष नाही. तो कंपन्यांसाठी लिहिलेला आहे आणि कंपन्यांच्या बाबतीत ही मोजपट्टी रास्त आहे. चूक आधी झाली, नगर कंपनीच्या पोटात घातलं तेव्हा. ज्यांनी घर घेतलं ते सुरुवातीला ग्राहक होते, मग धनको झाले. आपल्याच रस्त्यावरचा दिवा का बंद आहे हे निवडून दिलेल्या माणसाला विचारू शकणारे नगराचे नागरिक ते एक दिवसही झाले नाहीत. महापालिका आर्थिक अडचणीत येते तेव्हा ती विकायला निघत नाही. राज्य हस्तक्षेप करतं, प्रशासक येतो, कर वाढतात, लोक चिडतात, मोर्चे निघतात, पण पाणीपुरवठा कुणाच्या तारण मालमत्तेच्या यादीत जात नाही.

जुलै २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने डार्विन प्लॅटफॉर्म या समूहातल्या कंपनीची १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मान्य झालेले दावे ६,६०० कोटींच्या वर होते. योजनेतले ९२९ कोटी तारणधारक धनकोंसाठी, ४३८ कोटी घरं पूर्ण करून देण्यासाठी. ८३७ घरखरेदीदारांचे दावे मान्य झाले होते. ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत आणि बँका पुन्हा न्यायाधिकरणात गेल्या.

जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळली आणि बंगले मलब्याखाली गेले. उतार कापले होते कंपनीने. २००८ ते २०१७ या काळात तिथे परवानगी देणारं प्राधिकरणही कंपनीच. मालकी दिवाळखोरीत लोंबकळत, नियोजनाचा अधिकार सात वर्षांपूर्वी दुसऱ्या संस्थेकडे गेलेला. बचावाला आली ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आणि जिल्हा प्रशासनाची माणसं, म्हणजे सरकारच.

न्यायालयाने काय म्हटलं

२००५ ची मागच्या तारखेची दुरुस्ती आणि एकूण परवानग्या यांना आव्हान देणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाली काढली. याचिकाकर्त्याला दिलासा मिळाला नाही. फार उशीर झाला, दरम्यान अनेकांचे हक्क निर्माण झाले, हे मुख्य कारण. मात्र त्या काळी पाटबंधारे खातं सांभाळणाऱ्या मंत्र्यांनी प्रकल्पातला आपला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध उघड करायला हवा होता, असं न्यायालयाने नोंदवून ठेवलं. राजकीय वजनाच्या आरोपात काहीच तथ्य नाही, असंही ते म्हणालं नाही.

उशीर झाला हे कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण खोऱ्यातल्या माणसाला वेळेवर कळलं कसं असतं? सरकारी राजपत्रातली अधिसूचना मुगावच्या चावडीवर कुणी वाचून दाखवली? नगररचना कायद्याच्या कलम ४० खाली प्राधिकरण नेमताना ग्रामसभेचा ठराव घेण्याची सक्ती नव्हती. हरकती-सूचनांची पायरी आराखड्याच्या वेळी येते, आणि ती ऐकणार कोण, तर ज्याने आराखडा केला तोच.

याच पुण्यात मगरपट्टा सिटी आहे. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि भागधारक म्हणून नगर उभारलं. तेही खाजगी आहे, नफ्यासाठी आहे, आणि त्याच्याही बाबतीत पाण्या-रहदारीचे प्रश्न विचारता येतील. पण हडपसर महापालिकेच्या हद्दीत आहे. नकाशा महापालिका मंजूर करते, रहिवासी नगरसेवक निवडतात, आणि जमिनीचा मूळ मालक व्यवहाराबाहेर फेकला गेला नाही. म्हणजे खाजगी भांडवलाने वस्ती उभी करायला बंदी घाला, असं माझं म्हणणं नाही. बांधणाऱ्याला बांधू द्यावं. परवानगीचा शिक्का त्याच्या टेबलावर नसावा.

राज्यात आज एकात्मिक नगर वसाहतींचे मोठमोठे प्रकल्प मंजूर होत आहेत. त्यांतल्या कित्येकांत रस्ते, पाणी, कचरा, सुरक्षा हे सगळं विकासकच बघतो. म्हणून लवासाच्या कागदपत्रांवरून तीन गोष्टी कायद्यात आल्या पाहिजेत. नफा कमावणाऱ्या कंपनीला नियोजन प्राधिकरण नेमता येणार नाही, असं कलम ४० मध्ये स्पष्ट लिहावं. कुठलंही प्राधिकरण नेमण्याआधी त्या क्षेत्रातल्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव सक्तीचा असावा, आणि तो मराठीत, सर्व्हे नंबरांसह वाचून दाखवलेला असावा. आणि विकासकाने बांधलेले रस्ते, पाणीयोजना, बंधारे ठरावीक मुदतीत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नावावर व्हावेत, म्हणजे कंपनी बुडाली तरी ते धनकोंच्या यादीत जाणार नाहीत. यांतली तिसरी मागणी सध्या अशा वसाहतींत राहणाऱ्यांनी आपापल्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेतच मांडायला घ्यावी, कारण हस्तांतरणाची मुदत त्यांच्या करारनाम्यात लिहिलेली आहे की नाही, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी तपासलेलं नसेल.